चेन्नईचा बंदोबस्त

२८ जानेवारी
चेन्नईला जायचं नक्की. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी समुद्र पाहिला नाही, हे रत्नमाला वर्षभर ऐकवत होती. शेवटी निर्णय मीच घेतला. (तिकिटं तिनं आधीच काढली होती, ते वेगळं.)
सोबत मुनीब आणि रईसाभाभी. मुनीब लासूर स्टेशनच्या शाळेपासूनचा दोस्त. आता रोशन गेटला सोफे शिवायचं दुकान. त्याला रमजानच्या आधी जाऊन यायचंय म्हणे. एवढी घाई का? लक्ष ठेवणे.

३१ जानेवारी
मुनीबनं समुद्रासमोरचं हॉटेल सुचवलं. खिडकीतून लाटा, सकाळचा नाश्ता फुकट.
फुकट! एकवीस वर्षं वाळूजच्या कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे मी. सुटीच्या भोंग्याला लोकांचे डबे उघडून बघतो. फुकट म्हटलं की डब्याच्या तळाशी काहीतरी असतंच. मुनीबला नक्की कमिशन.
मी आम्हा दोघांसाठी लॉज बुक केलं. पाव भाडं. रत्नमाला म्हणाली, त्यांच्यातच राहू की. तिला समजावलं, समुद्र सगळ्यांना सारखाच. बजेट बघून पाणी कमीजास्त येत नाय. पटलं असावं. लगेच उठून भांडी घासायला लागली, जरा जोरातच.

९ फेब्रुवारी, गाडीत
बॅगा बर्थखाली साखळीनं बांधल्या. चावी बनियनच्या खिशात.
समोरच्या सज्जन दिसणाऱ्या माणसानं केळी देऊ केली. सज्जन दिसणारेच देतात. मी नाही म्हणालो. मुनीबनं दोन खाल्ली. अर्ध्या तासात डोळे मिटून आडवा! मी आरडाओरडा केला, तोंडावर पाणी मारलं. उठला आणि मला शिव्या दिल्या. दुपारची झोप होती म्हणे.
केळीवाला पुढच्या स्टेशनला उतरला. घाईत.

१० फेब्रुवारी
मुनीब-रईसाभाभी टॅक्सीनं हॉटेलवर गेले. आम्हालाही सोडतो म्हणाले. मी बसनं जायचं ठरवलं, शहराचा अंदाज येतो. अंदाज दुसऱ्याच दिशेचा आला. अंधार पडता पडता लॉजवर पोचलो.
लॉज ट्रिप्लिकेन भागात. मॅनेजर हैदर. चक्क आपल्याकडच्यासारखं हिंदी बोलतो, हौ-नक्को सकट. इतक्या लांब आपली बोली? सावध झालो.
रूमची चावी देतानाच म्हणाला, समंदर इत्ता नजीक है, पैदल जाके आओ, हवा अच्छी है. म्हणजे रूम रिकामी हवी! रत्नमाला चपला घालून दारात उभी. तिला म्हटलं, आधी बंदोबस्त, मग समुद्र. कडी हलते.

११ फेब्रुवारी
कडीला सुतळी बांधली. टीव्हीचा रिमोट माझ्या टॉवेलात गुंडाळून बॅगेत ठेवला; उद्या हरवला म्हणून हैदर आपल्यावर ढकलायचा.
हैदर दोनदा विचारून गेला, समंदर देखे क्या? याला काय पडलंय एवढं?
दुपारी रईसाभाभी आली. रत्नमाला म्हणाली, चला. मी म्हणालो, सामान? ती म्हणाली, तुम्ही आहात ना. आणि गेली.
संध्याकाळी तिचा फोन. मागे लाटांचा आवाज. तिथंच राहणार, भाभीच्या रूममध्ये. मुनीबला इकडं पाठवतेय, मला सोबत म्हणून.
मुनीब उशी काखेत मारून आला. समुद्रासमोरची रूम सोडून कुणी हौसेनं इथं येतं का? म्हणाला, त्या दोघी हसतात नुसत्या, माझं कोण ऐकतंय, आणि तू एकटा होतास. हे कारण मला पुरेसं वाटत नाय.

१२ फेब्रुवारी
मुनीब आणि हैदर एका दिवसात जिगरी. काउंटरवर चहा, खिदळणं. मी जिन्यात उभा राहून ऐकलं. विषय बिर्याणीचा होता. मला पाहून बदलला असणार.
मुनीब म्हणाला, तू जा रामहरी, बघून ये, सामानाजवळ मी बसतो.
सामानाजवळ! नेमकं!
नाही गेलो. तोच गेला. येताना माझ्यासाठी इडल्या आणल्या. त्यानं आधी खाल्ल्यावर खाल्ल्या. बऱ्या होत्या.

१३ फेब्रुवारी
तोडगा सापडला. सामान सोडून समुद्राला जाता येत नाय ना? मग सामान घेऊनच जायचं. इतकं सोपं. उद्या पहाटे.

१४ फेब्रुवारी
पाठीवर एक, छातीवर एक, हातात चाकांची बॅग. मुनीब घोरत होता. गुपचूप निघालो. डांबरी रस्ता संपून वाळू लागली. चाकं रुतली. वाळू संपेचना. पाणी पार तिकडं लांब, त्यात धुकं. एक माणूस म्हणाला बॅग धरू का. दुसरा फेरीचा घोडा घेऊन आला. दोघं एकमेकांना ओळखत होते! माघारी फिरलो. समुद्राचा आवाज मात्र स्पष्ट ऐकला.
लॉजच्या दारात हैदर कंबरेवर हात ठेवून उभा. बिल भरल्याशिवाय सामानासकट कुठं निघाला होता म्हणे! मी सांगितलं, समुद्र बघायला. तो म्हणाला, तीन बॅगा घेऊन? बॅगा खोला.
मी! मला! उघडल्या. टॉवेलातून रिमोट निघाला.
समजावलं की चोरी होऊ नये म्हणून ठेवला. डब्यात माल सापडलेली पोरंही गेटवर असंच काहीतरी सांगतात, तेव्हा मी हसतो. हैदर हसला नाय. मुनीब वरून उघडाच धावत आला, हात जोडले, म्हणाला, चोर नक्को समझो भाई, बस थोडा शक्की है. बचपन से देख रहा हूं.
हैदरनं चहा पाजला. मी प्यायलो. दिवसभर खोलीत पडून राहिलो. कडीला सुतळी बांधली नाय.

१५ फेब्रुवारी, परतीची गाडी
रत्नमालानं फोटो दाखवले. गुडघाभर पाण्यात, पदर खोचलेला, रईसाभाभीचा हात धरून हसतेय. एवढं हसू शकते, मला माहीत नव्हतं. फोटो कुणी काढला विचारलं. कुणीतरी अनोळखी होता म्हणे, फोन त्याच्या हातात दिला.
अनोळखी माणसाच्या हातात! आणि त्यानं परत केला.
यात काय डाव असेल, विचार करतोय.

१७ फेब्रुवारी, घरी
शेजारच्या करुणाताई आल्या. रत्नमाला तासभर समुद्र सांगत होती. पाय ठेवला की खालची वाळू कशी सरकते, ते हात हलवून दाखवलं. करुणाताईंनी विचारलं, आणि भाऊ? रत्नमाला म्हणाली, ते सामानापाशी होते.
पुढल्या साली ती आणि रईसाभाभी विशाखापट्टणमला जाणार म्हणे. दोघीच.
करुणाताई गेल्यावर मी विचारलं, पाणी खरंच खारट असतं का. लोक म्हणतात, पण मला आधीपासून शंका आहे.
ती पोळ्या लाटत होती. व्हय, म्हणाली, खारट असतं.
आणखी काही सांगेल म्हणून मी ओट्यापाशी उभा राहिलो. तिनं पुढची पोळी घेतली.