फिडल सुंदरेस द्यावे

मी, मालोजी बिन येसाजी दिसले, वय अठ्ठावन्न, मूळचा लोधिवलीचा, हल्ली राहणार खालापूर, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा, धंदा वाद्य शिकवणे, हे मृत्युपत्र करून ठेवतो. चालताना दम लागतो, पण डोके ठिकाणावर आहे. कोणी भीड घातली नाही, धाक दाखवला नाही. अक्षर माझेच आहे.

माझी बायको चंद्राबाई वारली. मूलबाळ नाही. वारस म्हणाल तर थोरला भाऊ कोंडाजी, लोधिवलीस शेती करतो.

पहिले कलम घराचे. खालापुरातले घर मी नाटक कंपनीतल्या कमाईतून बांधले. ते कोंडाजीची मुलगी सुंदरा हिला कायमचे द्यावे. ती सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. चंद्राबाई गेल्यावर माझ्याकडे स्वयंपाकाला येऊन राहिली. तिच्या बापाने पाठवले नाही, अडवलेही नाही. एके दिवशी भाकऱ्या उरकून खुंटीवरच्या फिडलकडे बोट दाखवत म्हणाली, "काका, ते वाजतं कसं? दावा ना." मी म्हटले, "आधी पीठ पूस गं हाताचं." माझी बोटे चालत नसल्याने गाऊन दाखवले आणि तिची बोटे धरून तारेवर दाबली. ती लवकर शिकली. आज ती कर्जतला रेल्वेच्या साहेबाच्या मुलींना शिकवायला जाते आणि स्वतःच्या कमाईवर राहते.

दुसरे, फिडल, म्हणजे व्हायोलिन. तेही सुंदरेचे. विकायचे की ठेवायचे ते तिने ठरवावे.

हे फिडल कसे आले ते लिहितो, म्हणजे मागून कोणी हक्क सांगणार नाही. घाटात रेल्वेचा रस्ता होत होता तेव्हा मी दगड वाहायला होतो. कर्जतला साहेबलोकांच्या नाचाला गोव्याचे पेद्रू मेस्त्री फिडल वाजवत. मी बाहेर कुडाशी उभा राहून ऐके. एकदा त्यांनी आत बोलावले, वाद्य हातात दिले आणि मी काढलेला तो भयंकर आवाज ऐकून पोट धरून हसले. मग शिकवायला बसले. कागदावरचे विलायती स्वर वाचायला त्यांनीच शिकवले. मुंबईस नाटक कंपनीत गेले तेव्हा मला बरोबर नेले आणि पुढे हे फिडल बक्षीस दिले. कंपनीच्या वादकांत मी पहिल्या खुर्चीवर बसत असे. ती माझी चांगली वर्षे.

वडिलांच्या बाराव्याला लोधिवलीस गेलो. फिडल बरोबर होते. पाहुण्यांदेखत कोंडाजी म्हणाला, "वाजपाचा धंदा करतोस. गावात तोंड दावाया जागा नाय ठेवलीस." फिडल उचलून तो अंगणात फेकायला निघाला. मी आडवा गेलो. झटापटीत दार लागले आणि माझा डावा हात त्यात सापडला. दोन बोटे कायमची गेली. दार त्याने मुद्दाम लोटले की कसे, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याने कधी सांगितले नाही. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

त्याच झटापटीत फिडलची मानही मोडली होती. ती खालापूरच्या शकूरभाईंनी, जे लाकडाचे काम करतात, अशी जोडली की सांधा दिसत नाही. माझ्या हाताचे तसे झाले नाही. कंपनीचे मालक म्हणाले, आता तुमचे काम नाही. पेद्रू मेस्त्री चिडले. "बोटां गेली, कान आसात न्हय?" असे म्हणून त्यांनी वादकांना ताल दाखवायची आपली छडी माझ्या हातात दिली आणि स्वतः माझ्या खुर्चीवर जाऊन बसले. पहिल्या अंकाला वादक हसत होते. शेवटच्या अंकाला माझ्या छडीकडे बघून वाजवत होते. मेस्त्री वारल्यावर मी इकडे येऊन शिकवू लागलो. पोस्टातली शिल्लक त्यांच्या बायकोला मडगावी पाठवावी.

छडी माझ्याबरोबर जाळावी. प्रेतापुढे बँड लावू नये. इथला बँड बेसूर आहे आणि मी सांगून थकलो.

लोधिवलीच्या शेतातला माझा हिस्सा कोंडाजीस द्यावा, कारण तोच कसतो. हाताबद्दल मी काही मागत नाही. माफ केले असेही लिहीत नाही.

येथवर लिहून झाल्यावर शकूरभाईंखेरीज दुसरा साक्षीदार मिळेना. विधवेला घर देण्याच्या कागदावर गावात आणखी कोणी सही करीना. आज शकूरभाई मला न विचारता लोधिवलीस गेले आणि कोंडाजीला घेऊन आले. तो ओटीवर बसला. मी सगळे वाचून दाखवले, दाराचेही. तो खाली बघत होता. मग म्हणाला, "साक्ष मी करतो."

मी म्हटले, "साक्षीदाराला काही घेता येत नाही, असं वकील सांगतात. शेत जाईल तुझं."

"जाऊ दे. आमी मेल्यावर तिचे भाऊ तिला या घरातून भाईर काढतील. माझी निशाणी असली म्हंजे बोलाया तोंड नाय राहणार त्यांना. शेत बी तिच्याच नावावर घाल, मालू."

सबब शेताचे कलम रद्द. तो हिस्साही सुंदरेचा. बाकी मजकूर आहे तसा कायम.

मुक्काम खालापूर, माघ, शके १८२५, तारीख १२ फेब्रुवारी १९०४.

सही, मालोजी बिन येसाजी दिसले

साक्ष, शकूर वलद इद्रिस, राहणार खालापूर, सही

साक्ष, कोंडाजी बिन येसाजी दिसले, राहणार लोधिवली, लिहिता येत नाही, निशाणी नांगर