धंदा – काचेवर सोन्याची अक्षरे लिहिणे

मी, सौ. फुलाबाई यादव खालकर, वय वर्षे पंचावन्न, माहेर सायखेडा, राहणार इंदिरानगर, नाशिक, धंदा काचेवर सोन्याची अक्षरे लिहिणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. वकीलबाईंनी कच्च्या मसुद्यात माझा धंदा 'घरकाम' असा लिहिला होता. तो मी खोडायला लावला. का, ते पुढे येईलच.

माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, "मावशी, घाबरू नका, आमचं रोजचंच काम आहे." त्यांचे रोजचे असेल, माझे पहिलेच आहे. हा कागद करण्यासाठी मला कोणी धाक घातलेला नाही की कोणी गोड बोलून करवून घेतलेला नाही. उलट घरात सगळ्यांनी "नको ते अभद्र" म्हणून अडवलेच.

माझे पती श्री. यादव बहिरू खालकर, वय बासष्ट, यांना या कागदात 'मालक' म्हटले आहे. लग्नाला एकोणचाळीस वर्षे झाली, पण त्यांचे नाव मी तोंडाने घेतलेले नाही. काचेवर मात्र शेकडो वेळा लिहिले आहे. मुलगा किशोर व सून मीना आमच्याजवळ राहतात. मुलगी उज्वला घोटीला दिलेली आहे. एवढीच माझी माणसे.

कलम १. इंदिरानगरातील राहते घर माझ्या नावावर आहे. माझ्यामागे त्यात मालकांनी त्यांच्या हयातीपर्यंत राहावे, त्यांना कोणी हलवू नये. त्यांच्यानंतर घर किशोर व उज्वला यांना निम्मे निम्मे. उज्वलापुढे हक्कसोडीचा कागद कोणी ठेवू नये. माझ्यापुढे तो माझा भाऊ वाल्मीक याने ठेवला होता, सायखेड्याच्या जमिनीसाठी. मी सही केली आणि मला एक पोपटी साडी मिळाली. पोपटी रंग मला आवडत नाही, हे वाल्मीकला लहानपणापासून ठाऊक आहे. साडी घडी न मोडता कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे, ती त्याच्या बायकोला द्यावी. तिला पोपटी शोभतो. वाल्मीकशी माझे भांडण नाही. दिवाळीत तो आला की मी त्याला ओवाळतेच, पण त्याने हे वाचावे एवढी इच्छा आहे.

कलम २. मालक. वकीलबाई म्हणाल्या, नवरा ही काही मिळकत नव्हे, त्यांचे कलम करता येत नाही. मी म्हटले, माझ्यामागे सगळ्यात जपायचे तेच आहे, तेव्हा लिहा. मालकांना कंपवात आहे. चहा स्टीलच्या ग्लासात अर्धाच द्यावा, संपला की उरलेला अर्धा. पूर्ण दिला तर सांडतो आणि मग ते दिवसभर चहा मागत नाहीत. शर्टाच्या गुंड्या लावून द्याव्यात, पण परक्या माणसासमोर नाही. बोलताना शब्द अडला तर थांबावे, त्यांचे वाक्य दुसऱ्याने पुरे करू नये. बँकेतील माझी ठेव त्यांच्या औषधपाण्यासाठीच आहे. सकाळी त्यांना अंगणात बसवावे, रस्त्याने जाणाऱ्या टेम्पोंवरची अक्षरे वाचून ते नावे ठेवतात. ठेवू द्यावीत.

कलम ३. माझी हत्यारे कोणाला, ते सांगण्याआधी ती माझी कशी झाली हे लिहिणे भाग आहे. कारण नाशकात पुष्कळ लोकांना अजून वाटते की ती मालकांची आहेत.

मालक भद्रकालीत पाट्या रंगवत. दुकानांच्या, शाळांच्या, ट्रकच्या. घोटीच्या भात गिरण्यांच्या भिंतींवर पुरुषभर उंचीची अक्षरे त्यांनी शिडीवर उभे राहून, पट्टी न लावता काढलेली आहेत. पण त्यांचे खरे नाव झाले ते सराफ बाजारातल्या काचांमुळे. या कामात काचेला आतल्या बाजूने जिलेटिनचे पाणी लावून त्यावर सोन्याचा वर्ख बसवतात. त्यावर काळ्या रंगाने अक्षरे काढतात, तीही उलटी, म्हणजे रस्त्यावरून ती सुलटी दिसतात. रंग वाळला की बाकीचे सोने पुसून टाकायचे. अक्षराखालचे तेवढे राहते.

वर्ख बसवणे पहिल्यापासून माझ्याकडे होते. मालक विडी ओढत, त्यांचा श्वास जड. वर्ख नुसत्या फुंकरीने उडतो. खारीच्या केसांचा चपटा ब्रश स्वतःच्या गालावर एकदा फिरवायचा, गालाच्या तेलकटपणाने वर्ख ब्रशला चिकटतो, मग तो श्वास रोखून काचेवर सोडायचा. मला ते जमले. अक्षरे मात्र त्यांची.

१९९३ साली, दसऱ्याला तीन आठवडे राहिले असताना, मालकांचा उजवा हात थरथरू लागला. सराफ बाजारातल्या एका जुन्या पेढीची तीन फुटी काच घरात येऊन पडली होती. पेढीचे नाव लिहीत नाही, शेठजींना ते आवडणार नाही. मालकांनी चार वेळा अक्षर काढले, चार वेळा पुसले. मग ते हात मांडीखाली दाबून बसून राहिले.

"उद्या जाऊन सांगतो, जमणार नाय."

"काय सांगणार?"

"हात गेला म्हणून."

मी म्हटले, "एक गेला. घरात अजून तीन आहेत."

ते हसले नाहीत. मी ब्रश उचलला. माझे शिक्षण चौथीपर्यंत, सुलटी अक्षरेसुद्धा मला जेमतेम येत होती, म्हणून उलटी काही वेगळी अवघड वाटली नाहीत. मालक शेजारी बसून सांगत राहिले, "पोट भर त्याचं. आता सोड. शेपटी बारीक कर." सतरा दिवस रोज दुपारी आम्ही जुन्या फुटक्या काचांवर सराव केला. अठराव्या दिवशी मी शेठजींच्या काचेवर नाव लिहिले आणि कोपऱ्यात मालकांची सही केली – 'यादव'. दसऱ्याला काच लागली. शेठजी मालकांना म्हणाले, "यादवराव, तुमचा हात अजून सुधारला." मालकांनी घरी येऊन मला हे जसेच्या तसे सांगितले, आणि मग दोघांनाही जेवण गेले नाही.

पुढे नऊ वर्षे तसेच चालले. डॉक्टरांच्या काचा, वकिलांच्या काचा, हॉटेलांच्या काचा. मालक माप घेऊन येत, मी घरात दार लोटून लिहीत असे, मालक जाऊन काच बसवून येत. हात थरथरतो हे लोकांना दिसत होते. लोक म्हणत, बघा, हात कसा कापतो आणि ब्रश धरला की कसा स्थिर होतो, देवाची देणगी. ती देणगी घरात भाकरी थापत होती.

कलम ४. मालकांवरचा राग. १९९६ साली मी एकदा म्हटले, सहीत माझे नाव घालू का? ते म्हणाले, "बाईचं नाव दिसलं तर गिऱ्हाईक फिरकणार नाय." मी त्यांच्याशी नऊ दिवस बोलले नाही. ताट वाढत होते, पण बोलले नाही. तो राग मी सहा वर्षे ठेवला. तो कसा संपला ते येथे नोंदवते, कारण किशोर आणि उज्वला दोघेही तेव्हा तिथे नव्हते आणि त्यांनी हे मालकांच्या तोंडून ऐकलेले नाही.

२००२ च्या मे महिन्यात त्याच शेठजींनी पेढी नव्याने बांधली. आता दर्शनी काच सात फुटांची, भिंतीत पक्की बसवलेली. घरी आणण्याचा प्रश्नच नव्हता, लिहायचे ते पेढीतच, सगळ्यांसमोर. मालक म्हणाले, "नाय सांगून येतो." मी म्हटले, "मी पण येते." रिक्षात मी पानापानांत सोन्याचा वर्ख घातलेली वही मांडीवर धरून बसले.

पेढीत मालक स्टुलावर बसले. मी वर्खाची वही उघडली, पदर खोचला आणि काचेला पाणी लावायला घेतले. शेठजी गादीवरून बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "यादवराव, वहिनी काय करताहेत?"

मला वाटले, मालक म्हणतील, मदत करते आहे. मीही तेच म्हणायला तोंड उघडले होते.

मालक उठून उभे राहिले. त्यांचे दोन्ही हात कापत होते, ते त्यांनी लपवले नाहीत. म्हणाले, "लिहिताहेत. नऊ वर्षं त्याच लिहिताहेत शेठ. तुमची आधीची काच पण त्यांच्याच हातची."

पेढीतली गिऱ्हाईके वळून बघू लागली. शेठजींनी चष्मा काढला. "मग सही तुमची कशी?"

"ते माझं चुकलं."

एवढेच बोलून मालक खाली बसले. माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. शेठजींनी चष्मा धोतराला पुसून पुन्हा लावला आणि काचेकडे पाहिले. वाटले, आता काम गेले. मग त्यांनी नोकराला हाक मारली, "ए, पंखे बंद कर. वहिनींचं सोनं उडेल."

मे महिन्याच्या दुपारी सराफ बाजारातल्या त्या पेढीचे सगळे पंखे तीन दिवस बंद होते. बायका पदराने वारा घेत बांगड्या बघत होत्या आणि मी लिहीत होते. तिसऱ्या दिवशी नाव पुरे झाले तेव्हा मालक म्हणाले, "कोपऱ्यात आता तुझं लिही." मी वर्ख बसवला आणि लिहिले, 'फुला'. नऊ वर्षे मी लोकांची नावे उलटी लिहिली होती. स्वतःचे लिहायला गेले तर हाताने शाळेतल्यासारखे सुलटे लिहिले. रस्त्यावर जाऊन बघते तो काय, बाहेरून नाव उलटे!

मी धावत आत आले. "ओलं आहे तोवर पुसते."

शेठजी म्हणाले, "हात लावू नका. मला गादीवरून नीट वाचता येतंय."

ते नाव आजही तसेच आहे. रस्त्यावरच्या माणसाला सोन्याचे दिसते पण वाचता येत नाही. आत बसलेल्याला नुसते काळे दिसते, पण वाचता येते. परतताना रिक्षात मालक इतके हसले की रिक्षावाल्याने विचारले, काका, लॉटरी लागली का? माझा राग त्या दिवशी संपला. त्यानंतर जो राग केला तो रोजचा, चपला आणि टॉवेलवरून होतो तो.

कलम ५. हत्यारे – खारीच्या केसांचे तीन चपटे ब्रश, अक्षरांचे अकरा ब्रश, हाताखाली धरायची काठी, वर्खाच्या शिल्लक वह्या – ही सर्व सून मीना हिला. मीना किशोरच्या फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते, म्हणून कोणाला नवल वाटेल. दोन वर्षांपूर्वी आमच्याच कॉलनीतील दातांचे डॉक्टर सुनील वडनेरे यांची काच मी लिहीत होते. मीना मागे उभी राहून म्हणाली, "आई, 'वैद्य'मधला 'व' जरा सुजलाय." मी तिच्याशी दोन दिवस तुटक वागले. तिसऱ्या दिवशी पाहिले तर 'व' खरेच सुजला होता. तेव्हापासून दुपारी ती माझ्याजवळ बसते. तिची शिरोरेघ अजून उतरती जाते, तेवढी सुधारावी. ज्याला सुजलेले अक्षर दिसते त्याला बाकीचे शिकवता येते.

कलम ६. किशोर. त्याने फ्लेक्सचे मशीन आणले तेव्हा जागा करायला म्हणून मालकांच्या हातच्या पत्र्याच्या जुन्या पाट्या भंगारात घातल्या. न विचारता. मालक जाऊन रिकाम्या भिंतीकडे बघून आले. मी किशोरला तीन वर्षे माफ केले नव्हते. पण तो रोज सकाळी बापाची दाढी करतो. हनुवटी डाव्या हाताने धरतो, मान थरथरली की वस्तरा उचलतो, थांबली की टेकवतो, आणि तोंडाने क्रिकेटच्या गप्पा चालू ठेवतो, म्हणजे बापाला लाज वाटू नये. असल्या मुलावर राग धरायला मला वेळ नाही. माझ्या हातची घरातली एकुलती काच, देवघरावरची, किशोरला द्यावी. भंगारात घालू नये, एवढेच.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी उज्वलाने करावी. ती घरात सगळ्यांना ओरडू शकते.

कलम ८. माणूस गेले की चौकात त्याचा फ्लेक्स लागतो. किशोरला परवा विचारले, "माझा लावशील का?" तो डोळे पुसत म्हणाला, "आई, असलं काय बोलते!" म्हणजे लावणार. लावावा, त्याचा धंदाच तो आहे, आईसाठी नाही लावायचा तर कोणासाठी? मात्र फोटो उज्वलाच्या लग्नातला घ्यावा आणि शुद्धलेखन मीनाकडून तपासून घ्यावे. 'भावपूर्ण'मधला 'पू' दीर्घ आहे. तेरावे झाले की फ्लेक्स उतरवून चौकातल्या भाजीवाल्या सावित्रीबाई यांना छपरासाठी द्यावा, त्यांना दुपारचे फार ऊन लागते. बांधताना माझा चेहरा आतल्या बाजूला ठेवावा. म्हणजे मलाही ऊन लागणार नाही आणि सावित्रीबाईंशी गप्पाही होतील.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, मीही वाचला. त्यात मी दोन ठिकाणी वेलांट्या दुरुस्त केल्या आहेत व तेथे सह्या केल्या आहेत.

लिहून ठेवणार:
सौ. फुलाबाई यादव खालकर (सही)

साक्षीदार – फुलाबाईंनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर:
१. सुमनबाई रामदास गायधनी, शेजारी, इंदिरानगर (सही)
२. डॉ. सुनील वडनेरे, दंतवैद्य, इंदिरानगर (सही)

ठिकाण: नाशिक
दिनांक: १२ एप्रिल २००७