आई, मणके जुळले

प्रिय आई,

फोनच करणार होते, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? म्हणून कागद घेऊन बसलेय. आई, जुळलं! दर रविवारी तू विचारतेस, झालं का गं तुझं ते हाड, आणि मी आपली अजून नाही, अजून नाही. तिकडे तुझा पाय बधिर होत चाललाय आणि तू सर्जनना ताटकळत ठेवलंयस, लेकीनं बनवलेलंच पाठीत बसवून घेणार म्हणून. तर आज झालं. मेंढीच्या पाठीत का होईना, झालं.

दोन मणक्यांमधली गादी काढून तिथे आमचा तुकडा बसवायचा. प्लास्टिक आणि हाडातलंच खनिज एकत्र करून केलेला, कोटाच्या बटणाएवढा. शरीरानं त्याला परकं मानायचं नाही, त्याच्याभोवती हाड वाढायचं आणि दोन मणक्यांचा एक व्हायचा. पहिल्या कळपात तो मेला तुकडा नुसता सैल पडून राहिला होता. तेव्हा मी नोकरी सोडायला निघाले होते.

या वेळची एक मेंढी महा आगाऊ. सगळ्यांच्या खिशात तोंड घालायची, म्हणून तिला आम्ही 'मावशी' म्हणायचो. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी उभी राहून चाऱ्यावरून भांडली. पण मणके खरंच जुळले का, हे ते बाहेर काढून हातात घेतल्यावरच कळतं. आज सकाळी तिला कायमचं झोपवलं. डोकं माझ्या मांडीवर होतं. खूप रडले मी, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मग आमच्या म्हाताऱ्या पशुवैद्यांनी मणके दोन्ही हातांत धरले. कौतुक करायचं म्हणजे या माणसाच्या अगदी जिवावर येतं. पुढे वाकवले, मागे वाकवले, बाजूला वाकवले. माझा जीव टांगणीला. शेवटी म्हणाले, "हलत नाही." मी त्यांना चक्क मिठी मारली. ते बिचारे हातमोज्यांतले हात वर धरून अवघडून उभे. संध्याकाळपर्यंत बाकीच्याही तपासून झाल्या. एक सोडून सगळ्या जुळलेल्या.

आता मुद्द्याचं. दादा म्हणाला, परवा दुकानात इस्त्री करताना तुझ्या डाव्या पायातली चप्पल निघाली आणि तुला पत्ताच नाही. आई, माझा तुकडा माणसांपर्यंत पोचायला अजून कित्येक वर्षं लागतील, आणि तुझ्या पायाची नस तेवढी थांबणार नाही. सर्जन तुझ्याच कमरेचं हाड घेऊन मणके जोडणार आहेत ना? तुलना करायला म्हणून आम्ही काही मेंढ्यांना अगदी तसंच केलं होतं. आज त्याही तपासल्या. एकूण एक घट्ट जुळल्यात, मी स्वतः वाकवून पाहिलंय. गिऱ्हाइकांना माझं कौतुक सांगतेस ते खुशाल सांग, पण माझ्यासाठी थांबू नकोस. माझा तुकडा पुढे कुणाच्याही पाठीत बसू दे. तो बसेल त्या दिवशी तू स्वतःच्या पायांनी चालत बघायला यायला हवीस. पत्र खाली ठेव आणि आत्ता सर्जनना फोन करून पहिली मिळेल ती तारीख घे. मी रजा टाकली आहे, येतेय.

तुझीच,
भुणभुण