कमिटीत पुरुष कमी पडले

लातूर,
गुरुवार, दुपार

तीर्थस्वरूप संगप्पा दाजींच्या चरणी धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे वीरभद्रचा, शरणार्थ.

गुडघा कसा आहे? नीलम्माक्काची शुगर उतरली का? म्हैस व्याली का? (तिन्ही उत्तरं अक्कानं कालच फोनवर दिली आहेत, पण पत्रात विचारायची रीत आहे म्हणून विचारतो.) फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर बोललेलं तुम्ही धरत नाही, तुम्हाला कागद लागतो, हे मला वीस वर्षांत कळून चुकलं आहे. मे महिन्यातही मी तुम्हाला एक कागद पाठवला होता. तुमची अंजू दहावीला त्र्याण्णव टक्के घेऊन पास झाली, तिला अकरावी सायन्सला लातूरला ठेवावं का, असं तुम्ही विचारलं होतं. मी चार ओळींत कळवलं की लातुरात मुलींना बसायला जागा नाही, आमच्या कॉलनीच्या अभ्यासिकेत चाळीस खुर्च्या आहेत आणि चाळीसही खुर्च्यांवर मुलगे आहेत, तेव्हा पोर कंधारातच बरी. ते पत्र तुम्ही देव्हाऱ्यात ठेवलंय आणि अंजूनं तोंड उघडलं की काढून दाखवता, असं अक्का म्हणाली. माझ्या अक्षराला एवढा मान आजवर कुणी दिला नव्हता. त्या पत्राविषयी थोडं बोलायचं आहे, पण ते शेवटी. आधी माझ्या विजयाची हकीकत ऐका.

तुम्हाला ठाऊकच आहे की शांतिनिकुंज कॉलनीच्या मंडळाचा अकरा वर्षं मी अध्यक्ष आहे. (होतो. पण त्यावर येतोच.) सभागृहाच्या वरच्या मजल्यावरची अभ्यासिका माझ्याच कारकिर्दीत झाली. एक मोठा हॉल मुलांसाठी आणि शेजारची खोली मुलींसाठी, असा नकाशा होता. हॉलमध्ये खुर्च्या आल्या. खोलीत खुर्च्या येण्याआधी लग्नसराई आली, आणि माझ्या भांड्यांच्या दुकानातल्या पराती, हंडे आणि मोठी पातेली तिथं तात्पुरती ठेवावी लागली. त्याला आता सहा वर्षं झाली. मुली येत नसत असं नाही. आमच्या सचिवांची, म्हणजे रेणुकादास मास्तरांची मनस्विनी दोन वर्षं जिन्याच्या पायरीवर बसून जीवशास्त्र वाचत होती. मी परात काढायला निघालो की ती वही छातीशी धरून उठायची, मी वर जायचो, ती पुन्हा बसायची. परात घेऊन उतरताना पुन्हा तेच. पोरगी गुणी आहे, मोठ्यांना वाट देते, असं मी चारचौघांत कौतुकानं सांगायचोसुद्धा.

जून महिन्यात एक फॉर्म आला. अभ्यासिकेला सरकारी मान्यता मिळणार होती, सोबत पुस्तकं आणि पंधरा संगणक. अटी दोनच. आठ जणांच्या कमिटीत किमान चार बाया आणि किमान चार पुरुष हवेत. आणि एक तक्ता भरायचा, की कॉलनीत बाया किती, पुरुष किती, त्यातले शिकणारे किती आणि काम करणारे किती. आमच्या कमिटीत आठही पुरुष. आता चार जणांनी पद सोडायचं म्हणजे कुणी? पण आपल्याकडे याची तोड कुणाला शिकवावी लागत नाही. पाटीवर बायकोचं नाव घालायचं आणि खुर्चीवर आपण बसायचं. ज्याला पद सोडायचंय त्यानं बायकोच्या नावाची चिठ्ठी मास्तरांकडे द्यावी, असं ठरलं. मी मनात म्हटलं, चार पुरुषांच्या जागांसाठी हे सातजण एकमेकांची डोकी फोडतील, आपण बाईच्या कोट्यातून सुरक्षित बसावं. जगदेवीचं नाव लिहून चिठ्ठी दिली. घरी सांगायचं राहून गेलं. हीच अक्कल उरलेल्या सातजणांनीही लढवली. मास्तरांनी तर स्वतःच्या जागी विशाखा वहिनींचं नाव आधीच घातलं होतं. आठ चिठ्ठ्या, आठ बायकांची नावं. मास्तरांनी ती वळणदार अक्षरात फॉर्मवर उतरवून धाडून दिली. (मास्तर मराठीचे. मोजणं त्यांच्या विषयात येत नाही.) तक्ता मात्र मी स्वतः भरला, कट्ट्यावर बसल्या बसल्या, पाच मिनिटांत. काम करणाऱ्या बाया तीन, असं लिहिलं.

तीन आठवड्यांनी संघपाल नावाचे तरुण साहेब तपासणीला आले. मी शाल, नारळ घेऊन पुढं झालो. त्यांनी कागद पाहिला आणि अध्यक्षांना बोलवा म्हणाले. मी म्हटलं, मीच. ते म्हणाले, "इथं जगदेवी वीरभद्र लिहिलंय. आपण कोण?" अकरा वर्षांच्या कारकिर्दीत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, अध्यक्षांचा नवरा. त्यांनी तसं लिहूनही घेतलं. जगदेवी तेव्हा दुकानात गिऱ्हाईक करत होती. ती पदराला हात पुसत आली आणि साहेबांनी उठून नमस्कार केल्यावर माझ्याकडे बघायला लागली.

"मी अध्यक्ष? कवापास्नं?"

"तीन आठवडे झाले, मॅडम."

"आन् मला कुनी बोललंच न्हाई! मंग तीन आठवड्याचं काम तटलंय की वो."

दाजी, मला वाटलं होतं ती लाजेल, आत जाईल, मी पुढचं बघीन. ती खुर्ची ओढून बसली. माझीच खुर्ची. संघपाल साहेबांनी दोन त्रुटी सांगितल्या. एक, कमिटीत पुरुष एकही नाही, अशानं मान्यता मिळणार नाही, पंधरा दिवसांत आणखी चार पुरुष घ्या, कमिटी आठाची बारा झाली तरी चालेल. दोन, चारशे माणसांच्या कॉलनीत काम करणाऱ्या बाया तीन, हे पटत नाही, पुन्हा मोजा. एवढं सांगून ते गेले. शाल त्यांनी अध्यक्षांनाच द्यायला लावली.

मोजणी विशाखा वहिनींनी हाती घेतली. आठही बाया दुपारच्या वेळी घरोघर हिंडल्या. बायकांना कामाचं विचारलं की घरातला पुरुष आतूनच ओरडायचा, ती घरीच असते, काही करत नाही. त्यावर वहिनी विचारायच्या, मग हे ब्लाउज कुणाचे शिवून टांगलेत? गच्चीवर या शेवया कुणी वाळत घातल्यात? आमच्याही घरी आल्या. जगदेवीनं मला सगळ्यांदेखत विचारलं की रोज अकरा ते चार दुकानात कोण बसतं. मी म्हटलं, मी. तिनं विचारलं, मग त्या वेळी घरात घोरतं कोण? तक्त्यात तिच्या नावापुढे व्यापार लिहिलं गेलं. माझ्या नावापुढेही व्यापार लिहिलं, पण कंसात अर्धवेळ. शरणम्मा कंडक्टर तर समोरच्याच घरात राहते, रोज लातूर ते कंधार बस करते, आणि ती माझ्या तिनात नव्हती. पहाटे जाते, दिवेलागणीला येते, कट्ट्यावरून दिसायची कशी? शेवटी आकडा आला अठ्ठ्याऐंशी. आणि ऐका, कॉलनीत पुरुष दोनशे सहा, बाया दोनशे तीन. शिकणारे मुलगे पंचावन्न, मुली अठ्ठावन्न! मी समजत होतो कॉलनीत मुली मोजक्याच आहेत. होत्या की सगळ्या, फक्त अभ्यासिकेच्या रकान्यात चाळीस विरुद्ध शून्य होत्या. (कट्ट्यावरच्या आम्हा मंडळींची नोंद "काम मिळाल्यास करण्यास तयार" अशी झाली आहे. ती मला मान्य नाही.)

कमिटीची पहिली बैठक झाली आणि पहिलाच ठराव माझ्या भांड्यांवर आला. रविवारपर्यंत खोली रिकामी. मी घरी येऊन बायको म्हणून तिला समजावून पाहिलं. ती म्हणाली, अध्यक्षांशी बोलायचं असेल तर लेखी अर्ज करा. एवढी भांडी ठेवू कुठं, असा लेखी अर्ज केला. उत्तर लेखीच आलं, अर्जदाराच्या झोपायच्या खोलीत. सध्या मी डाव्या अंगाला हंडे आणि उजव्या अंगाला पराती घेऊन झोपतो. कूस बदलली की शेजारचे उठतात. त्या खोलीत वीस खुर्च्या बसल्या. साठ खुर्च्या झाल्या आणि तीस मुलांना, तीस मुलींना, असा दुसरा ठराव झाला. चाळीस मुलग्यांनी मोर्चा काढायचं ठरवलं होतं, पण निम्म्यांच्या आया कमिटीत किंवा कमिटीच्या शेजारी, त्यामुळे मोर्चा जेवायच्या वेळेला मोडला.

राहिला प्रश्न पुरुषांचा. चार राखीव जागा आणि इच्छुक आम्ही आठ. मुलाखती सभागृहात झाल्या. मला तीन प्रश्न विचारले. अभ्यासिकेचं कुलूप कुठल्या किल्लीनं उघडतं? टाकीत पाणी कधी येतं? पायऱ्या शेवटच्या झाडल्या कधी? दाजी, अकरा वर्षं अध्यक्ष असून एकही उत्तर आलं नाही. तरी मी एकमताने निवडून आलो! (मास्तर पडले. त्यांचं नाव प्रतीक्षा यादीत आहे आणि ते विशाखा वहिनींशी फार नम्रपणे बोलतात.) आता रोज पहाटे पाचला कुलूप मी उघडतो, पाण्याचे जार मी भरतो, पायऱ्या मी झाडतो. गेल्या सोमवारी मान्यतेचं पत्र आलं, संगणक आले, अध्यक्षांच्या हस्ते नारळ फुटला. संघपाल साहेबांनी शेऱ्यात खास लिहिलं की या कमिटीत पुरुषांचाही सहभाग आहे. तो सहभाग मी. फोटोत जार घेऊन उभा आहे, सोबत जोडला आहे.

पण एक सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी मी जार घेऊन खोलीत गेलो, तर मनस्विनी एक नंबरच्या खुर्चीवर वाचत बसली होती. मला बघितलं आणि वही छातीशी धरून टपकन उभी राहिली. मी म्हटलं, बस की गं, आता का उठतेस? ती हसून म्हणाली, "सवय हाय काका. तुमी आला की उठावंच वाटतंय." दाजी, मला लाज वाटली. दोन वर्षं त्या पोरीला मी दिवसातून चारदा उठवलं, आणि त्याला तिचा गुण म्हणत होतो. जार ठेवून खाली आलो आणि बराच वेळ पायऱ्या झाडत राहिलो. झाडलेल्याच पायऱ्या पुन्हा झाडल्या.

असो. अक्काला नमस्कार. अंजूला आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

आपला,
वीरभद्र
(कमिटी सदस्य, पुरुष राखीव)

ता.क. मे महिन्याचं ते पत्र देव्हाऱ्यातून काढा आणि फाडून टाका. त्यात मी लिहिलं होतं की मुलींना बसायला जागा नाही. जागा होती. तिथं माझ्या पराती होत्या, आणि लिहिताना मला ते माहीत होतं. अंजूच्या दोन वर्षांचा प्रश्न होता आणि मी गोदामाचा विचार केला. मी चुकलो, दाजी. हे मी फोनवर बोललो असतो तर तुम्ही धरलं नसतं, म्हणून कागदावर देतो, सहीनिशी. आता हेच पत्र देव्हाऱ्यात ठेवा. कॉलेजच्या प्रवेशाची शेवटची तारीख सोमवार आहे. पोर आमच्याकडे राहील. पत्र उद्या शरणम्माच्या हाती बसनं पाठवतो, शनिवारी तीच अंजूला घेऊन येईल.

ता.क. दुसरा. हंड्यांमध्ये झोपण्याचा मजकूर अक्काला वाचून दाखवू नये.

ता.क. तिसरा, अध्यक्षांच्या हातचा. नीलम्माक्का, शरणार्थ. दाजींच्या आधी हे पत्र तुमीच उघडलं आसनार, म्हनून तुमालाच लिहिते. एकमत बिकमत काही न्हवतं. हे पाचवे आलते. चौथ्याला पाचाला उठनं जमेना म्हनून यांना घेतलं. पन झाडतात मातर चांगलं. अंजूसाठी खिडकीजवळची सतरा नंबरची खुर्ची धरलीय. बसमधी रुमाल टाकतेत तशी माझी बाजाराची पिशवी टाकून ठिवलीय. तीन दिवस झाले, पोरी रोज विचारून राहिल्यात, ही पिशवी कोनत्या कॉलेजात हाय म्हनून. शनिवारी पोरीला बसमधी बसवाच. रविवारी बाजार हाय आन् मला पिशवी लागती.