शेळीचं तोंड न पोचलेली फांदी

प्रिय अक्का,

तुला वाचता येत नव्हतं आणि मी तुला पत्र लिहायला बसलोय! हसशील. पण आज सकाळी कोळवणच्या फार्महाउसवाल्या साहेबांचा फोन आला आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. तुला जाऊन तीन महिने झाले. त्यांना हे ठाऊक नाही. झुडपं तू करायचीस, हेच कुठं ठाऊक आहे त्यांना?

त्यांच्या खोलीभर मांडलेल्या छोट्या, खेळण्यातल्या रेल्वेच्या घाटात अजून झुडपं हवीत म्हणे. "बोगद्याजवळ एक आहे ना, तशीच करा. तेवढं एकच अगदी खरं वाटतं."

त्या रेल्वेच्या देखाव्याचं काम मिळाल्यावर मी पहिलं झुडूप केलं तेव्हा किती हसली होतीस! तारेवर हिरव्या स्पंजाचा चुरा चिकटवून मी बोटभर उंचीचा छान गोल गोळा केला होता. मारुंजीच्या माझ्या खोलीत तू भिंतीला टेकून बसली होतीस. म्हणालीस, "ह्ये झुडूप हाय का लाडू? ह्याला शेळीनं त्वांडच लावल्यालं न्हाई!"

मग तूच करायला बसलीस. सगळा जन्म शेळ्यांमागं गेलेला तुझा. तुळशीच्या वाळक्या काड्या घेतल्यास, कडेनं चुरा दाबून बसवलास आणि मधली एक काडी उंच सोडलीस. "कडंचं समदं शेळ्या खात्यात. मधी काट्यात त्वांड पोचत न्हाई, म्हून तेवढीच फांदी वर जाती." करवंदाच्या जाळ्या मीही लहानपणापासून पाहतोय. हे मात्र कधी दिसलं नव्हतं गं.

आणि मी काय करायचो? तू एसटीनं परत गेलीस की कात्री घेऊन त्या उंच फांद्या छाटायचो! साहेबांना नीटनेटकं आवडेल म्हणून. ते कधी तसं म्हणालेही नव्हते.

तुला एकदा रेल्वे दाखवायला नेलं होतं. दारात चपला काढून, पदर सावरून आत आलीस. साहेबांनी विचारलं, "झुडपं कुणी केली?" तू माझ्याकडं पाहिलंस. मी म्हणालो, "मीच, साहेब."

बाहेर आल्यावर तू एवढंच विचारलंस, "वरच्या फांद्या का रं कापल्यास?" रागावली का नाहीस, अक्का? दोन शिव्या हासडायच्या होत्यास!

बोगद्याजवळचं ते एकच माझ्या कात्रीतून सुटलं होतं. आज तसं करायला पाच वेळा बसलो. पाचही नुसते स्पंजाचे तुकडे. दुपारी गाडी काढून तुझ्या डोंगराकडं गेलो, निदान एखादी खरी जाळी बघावी म्हणून. उताराला प्लॉटिंगचं कुंपण घातलंय, जाळ्या मुळासकट उपटल्यात. शेळ्या तर दाजींनी तुझ्या दहाव्याआधीच विकल्या. आता मला जमणार नाही, आणि शिकवायलाही कुणी उरलं नाही.

उद्या साहेबांकडे जातोय. झुडपं माझ्या बहिणीनं, हिराबाईनं केली आणि मी ती फक्त बिघडवली, असं तोंडानं सांगणार आहे. वचन देतो. त्यानं तुला काही मिळणार नाही, मलाही सुटल्यासारखं वाटणार नाही. साहेब घटकाभर हळहळतील, मग विचारतील, "आता कोण करणार?"

"कुणीच नाही," म्हणेन.

तुझा खोटारडा भाऊ,
बाळू