ओमेश्वरीची सही

कुडवा, शुक्रवार

चि. ओमेश्वरी,

तुला आलेलं पत्र तुझे सासरे, म्हणजे आमचे समधी, फोडतात आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात. घरातला फोनही त्यांच्याच खिशात. म्हणून हे पत्र मी टाकणार नाही. तरी लिहून राहिलो.

लग्न जुळताना त्यांनी विचारलं होतं, "पोरीच्या नर्सिंगसाठी कर्ज काढलं का जी?" मी नाही म्हणालो आणि तुलाही गप्प बसवलं. वाटलं होतं, पगारातून तू गुपचूप फेडशील. त्यांनी नोकरीच सोडायला लावली.

परवा तुझ्या सासरी बोदलकशाला आलो तो कर्जाचे हप्ते थकल्याचं सांगायला. तू विचारलंस, "बाबा, काऊन आलात?" समधी हसले, "लेकीच्या हातचा चहा पाहिजे असन, दुसरं काय!" ते जागचे उठलेच नाहीत. मी चहा पिऊन परतलो.

आज बँकेतले साहेब हप्ता अर्धा करून द्यायला तयार झाले. म्हणाले, "काका, लडकी की सही लाओ, किश्त आधी हो जाएगी. रहती कहाँ है?" ते सासरी जातील या भीतीनं मी बोललो, "घरीच राहते जी, लग्न व्हायचं आहे." साहेब खूश झाले. "फिर आप क्यों तकलीफ करते हो? सोमवार को हम ही आते हैं."

सोमवारी तू घरी नसलीस, तर शेजारचे त्यांना तुझ्या सासरचा पत्ता देतील. तुला न्यायला आलो, तर समधी विचारतील, "कायले नेता?" पोरी, मला तिसरं खोटं सुचून नाही राहिलं.

तुझा बाप,
ग्यानीराम