गुडघा आणि सायकलची सीट

मंगळवार, १२ फेब्रुवारी १९८५

महिनाभर सायकल चालवताना उजवा गुडघा दुखतोय. आज शाळा सुटल्यावर बोईसरच्या सायकलवाल्या तात्यांना दाखवलं. त्यांनी मला पेडल मारायला लावलं. "मास्तर, सीट लय खाली हाय. गुडगा सरळच होत नाय तुमचा. कोनी उतरवली?"

"माहीत नाही," म्हणालो. खोटंच. संक्रांतीला तारापूर रस्त्यावर ट्रकला बाजू देताना पडलो, तेव्हापासून मीच खाली केलीय. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. एवढी भीती?

तात्यांनी सीट चार बोटं वर घेतली. घरी येताना गुडघा फारसा दुखला नाही. छाती मात्र धडधडत होती. बायकोला, सुमनला, पडल्याचं आज पहिल्यांदा सांगितलं.

ती म्हणाली, "उद्या मोठ्या रस्त्यापर्यंत मी सोबत चालत येते."

नको म्हणालो नाही.